दहा लाख हेलकावे

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यातही आकड्यांशी माझं जुनं वैर. एकोणसाठ म्हणजे फिफ्टीनाइन की सिक्स्टीनाइन, हे मला आजही मनातल्या मनात पडताळून पाहावं लागतं. भाजीवाल्या मावशी ‘अडुसष्ट झाले’ म्हणाल्या की मी शंभराची नोट पुढे करते आणि परत येईल ते मुकाट्याने पर्समध्ये टाकते. अशा मुलीने मोजण्याबद्दल लेख लिहावा म्हणजे कमालच! पण गेल्या सेमिस्टरला आमच्या मिनी प्रोजेक्टचं जे झालं ते सगळं मोजण्यावरूनच झालं. होस्टेलमध्ये निम्म्या जणींना हा किस्सा अर्धाच माहीत आहे (‘त्या इस्त्रीच्या खोलीत घुर्र घुर्र करणाऱ्या’ अशी आमची ख्याती होती). उरलेला अर्धा इथे लिहिते आहे.

सुरुवात आजीपासून करावी लागेल. आमचं घर साताऱ्यात. पाहुणे आले की त्यांना ठोसेघरचा धबधबा दाखवायचा आणि तसंच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर नेऊन पवनचक्क्या दाखवायच्या, हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. मागच्या दिवाळीत आजी गाडीतून उतरलीच नाही. कानाला स्कार्फ गुंडाळून काचेतून बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, ही पाती रात्रंदिवस फिरतात. ह्यांना शीण नाही का येत?”

काका हसले. मी हसले नाही, कारण त्याच सेमिस्टरला आम्हाला फटीग होता. म्हटलं, “येतो आजी. त्याच्यावर आमचा अख्खा युनिट आहे.” आजीने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मुलगी शिणाचा अभ्यास करते म्हणजे पुढे डॉक्टर होणार, असं तिला बहुतेक वाटलं असावं.

मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, पण कॉम्प्युटरवाले आणि फर्स्ट इयरवालेही हे पान उघडतील म्हणून सांगते. एखादी वस्तू एका झटक्यात मोडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या कितीतरी कमी जोराने ती पुन्हा पुन्हा वाकवली तरी शेवटी मोडते. स्टीलची तार तोडायला पक्कड नसेल तर आपण काय करतो? इकडे-तिकडे वाकवतो. हाच फटीग. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीचा आस असाच मोडला आणि मोठा अपघात झाला. त्यानंतर जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून मोडले, आणि त्यातून आपला एस-एन कर्व्ह आला. (आपण तो पाच मार्कांसाठी काढतो. त्या माणसाने अर्धं आयुष्य घातलं.)

पवनचक्कीच्या पात्याचा शीण दोन तऱ्हेचा असतो. एक वाऱ्याचा. वारा पात्याला समोरून ढकलतो आणि सोडतो, तेव्हा पातं फूटपट्टी चपटी धरून वाकवावी तसं वाकतं. दुसरा शीण त्याच्या स्वतःच्या वजनाचा. पातं एका बाजूने वर जातं, दुसऱ्या बाजूने खाली येतं, आणि प्रत्येक फेरीत त्याचं वजन त्याला एकदा या कडेकडे आणि एकदा त्या कडेकडे वाकवतं. वारा सुखद असो की नसो, यातून सुटका नाही. मिनिटाला दहा फेऱ्या धरल्या तरी वर्षाला साडेबावन्न लाख होतात. वीस वर्षांचे साडेदहा कोटी. आजीचा प्रश्न किती नेमका होता ते मला हा गुणाकार केल्यावर कळलं.

आता नवीन पातं बनवलं तर ते साडेदहा कोटी वेळा टिकेल, हे आधी कळायचं कसं? वीस वर्षं थांबून तर चालत नाही. म्हणून ते पातं, होय, पूर्ण आकाराचं खरंखुरं पातं, एका मोठ्या हॉलमध्ये नेऊन त्याचं बूड काँक्रीटच्या भक्कम ठोकळ्याला बोल्टांनी आवळतात आणि टोक मोकळं सोडतात. पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरावी आणि टोक उडवावं, तसंच. अशा जागा जगात मोजक्या आहेत. डेन्मार्कमध्ये ऑलबोर्ग, इंग्लंडमध्ये ब्लाइथ, जर्मनीत ब्रेमरहाफेन, अमेरिकेत बॉस्टनच्या बंदरालगतचं केंद्र, जे २०११ साली सुरू झालं. २०१९ मध्ये फ्रान्सच्या शेरबूर्गच्या कारखान्यात १०७ मीटर लांबीचं पातं तयार झालं. म्हणजे जवळजवळ दहा एसट्या एकामागे एक. त्याची चाचणी ब्लाइथला आणि बॉस्टनला झाली.

आधी दोरखंडांनी खेचून ते एकदाच जोरात वाकवतात. मग खरी कसोटी. पात्यावर एक यंत्र बसवतात, त्यात एक जड वजन फिरतं किंवा पुढे-मागे सरकतं. त्याचा ताल पात्याच्या नैसर्गिक तालाशी जुळवला की थोड्या ताकदीत प्रचंड पातं वर-खाली झुलू लागतं. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला योग्य वेळी एक बोट लावलं तरी पुरतं, तसं. रेझोनन्स! आपण ज्याला घाबरायला शिकतो तोच इथे मुद्दाम कामाला लावलेला.

आणि साडेदहा कोटींचं काय? इथे मला गणितातली सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. ग्लास फायबरच्या बाबतीत झालेलं नुकसान हे ताणाच्या साधारण दहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे हेलकावा फक्त दहा टक्क्यांनी मोठा केला तर एका हेलकाव्यात अडीच पटींहून जास्त नुकसान होतं. त्यामुळे भार साधारण दीडपट केला की साडेदहा कोटींचं काम वीस लाखांत होतं. (हिशेब ढोबळ आहे, खरे इंजिनिअर पात्याच्या प्रत्येक भागासाठी वेगळा मांडतात. आणि भार भलताच वाढवला तर पातं वेगळ्याच कारणाने मोडेल, मग त्या चाचणीला अर्थ राहत नाही.) पण वीस लाखही काही थोडे नव्हेत. शंभर मीटरचं पातं एका हेलकाव्याला दोन-तीन सेकंद घेतं, आणि त्याला घाई करता येत नाही. त्याचा ताल त्याच्या लांबीने ठरवलेला असतो. अडीच सेकंद धरले तर वीस लाखांना अठ्ठावन्न दिवस लागतात, तेही रात्रंदिवस न थांबता. मग दुसऱ्या दिशेने पुन्हा तेवढंच. पातं जितकं लांब तितकी परीक्षाही लांब. मध्येमध्ये थांबवून माणसं पात्यावर कान देऊन टकटक करतात, आवाज बद्द आला की आत थर सुटले आहेत असं समजायचं. उष्णता दाखवणारे कॅमेरे असतात, शेकडो स्ट्रेन गेज असतात, तरीही टकटक आहेच. आमच्या वर्कशॉपचे मामा मडकं घेताना करतात तेच.

हे सगळं वाचून आम्ही चौघी भारावून गेलो आणि सरांना म्हणालो, आम्ही पात्याची फटीग टेस्ट करणार. सर म्हणाले, “पातं कुठून आणणार?” म्हटलं, पट्टी करू. सर म्हणाले, “किती हेलकावे?” मीच म्हटलं, दहा लाख. गोल आकडा होता, म्हणायला छान वाटला.

वर्कशॉपमध्ये ग्लास फायबरच्या मॅटचे थर आणि रेझिन घालून अर्धा मीटर लांब, चार मिलिमीटर जाड पट्टी केली. एका टोकाला दोन लोखंडी प्लेटांमध्ये आवळली. मध्यावर जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला नट. मागे ग्राफपेपर, टोकाला काडी, म्हणजे हेलकावा किती मिलिमीटरचा ते दिसावं. मोजायला काउंटर घ्यायचे पैसे नव्हते. म्हणून एका मैत्रिणीने कॅल्क्युलेटर उघडून ‘बरोबर’च्या बटणाच्या तारा एका चुंबकी स्विचला जोडल्या. एक अधिक एक करून ठेवायचं, पट्टी खाली आली की स्विच लागतो आणि आकडा एकने वाढतो. हे चाललं तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो. आमची पट्टी सेकंदाला जेमतेम पाच हेलकावे घेई. दहा लाखांना छप्पन्न तास. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुरू केलं की सोमवारी पहाटेपर्यंत संपेल आणि सोमवारीच सबमिशन! लॅब पाचला बंद होते, म्हणून रेक्टर मॅडमच्या हातापाया पडून इस्त्रीची खोली मिळवली.

शनिवारी रात्री साडेअकराला मी वहीत ५,२८,६४० हा आकडा लिहिला आणि झोपले. खरं तर दोन-दोन तासांच्या पाळ्या ठरल्या होत्या. पण पट्टी इतकी शहाण्यासारखी झुलत होती की आम्हाला तिचा भरवसा वाटू लागला.

रविवारी सकाळी सहाला खाली आले तर मोटर चालू आणि कॅल्क्युलेटरचा पडदा कोरा.

रात्री लाईट गेली होती. पट्टी थांबली, काही मिनिटं बटण दाबलं गेलं नाही तेव्हा कॅल्क्युलेटर आपणहून बंद पडला. नंतर लाईट आली, मोटर पुन्हा फिरू लागली, पण मोजणारं कोणी नव्हतं. किती वाजता गेली, किती वाजता आली, कोणालाच पत्ता नाही. आम्ही घाबरून मोटरच बंद केली. मग इस्त्रीच्या टेबलावर बसून वादावादी. पुन्हा शून्यापासून सुरू करायला वेळ नव्हता. एक म्हणाली, “पाच लाखांपर्यंत काही झालं नाही, मग दहा लाखांनी काय होणार आहे? दहा लिहू.” दुसरी म्हणाली, सगळेच लिहितात. तिसरी गप्प बसली. गप्प बसलेली मी.

आणि रिपोर्ट टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. ‘१०,००,००० सायकल्सनंतर कोणतीही इजा आढळली नाही.’ हे वाक्य मी टाइप केलं आहे, माझ्या बोटांनी. स्पायरल बाइंडिंग केलं, वर पारदर्शक प्लॅस्टिक लावलं. दिसायला सुंदर होता रिपोर्ट.

बुधवारी ओरल. सरांनी पानं चाळली, ग्राफ पाहिला, हं हं केलं. मला वाटलं सुटलो. मग शांतपणे म्हणाले, “शुक्रवार ते सोमवार, सलग?” हो सर. “शनिवारी रात्री लाईट गेली होती. मी क्वार्टर्समध्ये वहीने वारा घेत बसलो होतो. तेव्हा तुमची पट्टी कोण हलवत होतं?”

असं काही झालं की चौघींपैकी कोणीतरी एक बोलायला लागते, बाकीच्या जमिनीकडे बघतात. त्या दिवशी बोलणारी मी होते. पुण्य म्हणून नव्हे, सर माझ्याकडेच बघत होते म्हणून. सगळं सांगितलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “मग खरा आकडा किती?” म्हटलं, सांगता येणार नाही. “का नाही येणार? शोधा.”

तो आकडा आमच्या रात्रपाळीच्या मामांकडे सापडला. मामा गेटवर एक लांबट वही ठेवतात, कोण कधी आलं-गेलं त्याची. पाण्याच्या टाकीचा पंप लाईटवर असल्यामुळे लाईट गेल्या-आल्याची वेळही ते त्यात लिहितात, हे आम्हाला तीन वर्षांत माहीत नव्हतं. शनिवारच्या पानावर, माझ्या उशिरा येण्याच्या नोंदीखाली, निळ्या शाईत होतं: ‘लाईट गेली २.१०. आली ३.२५.’ मामांना विचारलं, वेळ नक्की का? ते दुखावले. म्हणाले, “ताई, घड्याळ बघितल्याबिगर मी लिहीत नाही.”

साडेअकरा ते दोन-दहा म्हणजे ४८,००० हेलकावे. हे धरायचे. तीन-पंचवीस ते सहा म्हणजे ४६,५००. हेही धरायचे, असं आम्हाला वाटलं. पण वहीत माझीच सकाळची नोंद होती: काडीचा हेलकावा रोजच्या ऐंशी मिलिमीटरऐवजी चाळीस. लाईट परत आल्यावर मोटरचा वेग जरा वेगळा बसला आणि ताल सुटला होता. हेलकावा निम्मा, आणि घात दहावा. दोनाचा दहावा घात १०२४. ४६,५०० भागिले १०२४ म्हणजे पंचेचाळीस! अडीच तास पट्टी झुलत होती आणि शिणाच्या खात्यात फक्त पंचेचाळीस हेलकावे जमा. आम्ही तो भागाकार तीनदा केला. एकूण ५,७६,६८५.

सर म्हणाले, इथून पुढे चालवा. कोणीतरी कायम शेजारी बसा.

पुढच्या शुक्रवारी सहाला पुन्हा सुरू. यावेळी पाळ्या खऱ्या. माझी पाळी पहाटे चार ते आठ. थंडी होती, इस्त्रीच्या खोलीत टेबलाखाली शाल घेऊन बसले होते. करण्यासारखं काहीच नसतं. काडी वर, काडी खाली. एका पट्टीकडे चार तास बघणं म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. ब्लाइथच्या हॉलमध्ये अठ्ठावन्न दिवस बसणाऱ्यांचा विचार आला. सात वाजता मला वाटलं, काडी जरा कमी उडते आहे. डोळे चोळले. सत्तर. रेग्युलेटर फिरवून ताल पुन्हा जुळवला, वेग थोडा कमी करावा लागला. म्हणजे पट्टी मऊ पडली होती. टॉर्च घेऊन बुडाशी पाहिलं तर प्लेटेपासून दोन बोटांवर नखाएवढा पांढरा डाग. आणि बघता बघता तो डाग पट्टीच्या कडेपर्यंत गेला. थर सुटले होते. मोटर बंद केली तेव्हा कॅल्क्युलेटरवर २,३३,९१२ होते. मागचे मिळवून ८,१०,५९७.

दहा लाख झालेच नाहीत. मी टाइप केलेलं वाक्य नुसतं न मोजलेलं नव्हतं, ते खोटं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी सरांना सोडून कोणाला सांगितली नव्हती. पट्टी करताना बुडाकडच्या तिसऱ्या थरावर रोलर फिरवायचं काम माझं होतं. पावणेदोन वाजले होते, मेस दोनला बंद होते, शनिवारी बटाटेवडे असतात. आत हवेचा बुडबुडा राहिल्यासारखा वाटला होता. मी त्यावर चौथा थर टाकला. डाग बरोबर त्याच जागी आला की बोटभर बाजूला, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. सर म्हणाले एका पट्टीवरून काहीच सिद्ध होत नाही. मला मात्र जे वाटायचं ते वाटतंच.

कारण ज्या १०७ मीटरच्या पात्याबद्दल वर लिहिलं, त्याच जातीचं एक पातं १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेत नँटकेट बेटाजवळ समुद्रात मोडलं. व्हिनयार्ड विंड नावाच्या प्रकल्पात. फोमचे आणि फायबरचे तुकडे लाटांबरोबर किनाऱ्यावर आले, ऐन सुट्टीच्या हंगामात लोकांना समुद्रकिनारे बंद झाले. बनवणाऱ्या जीई व्हर्नोव्हा कंपनीनेच पुढे सांगितलं की डिझाइन चुकलं नव्हतं. कॅनडातल्या गास्पेच्या कारखान्यात त्या पात्याचा चिकटवलेला जोड पुरेसा बसला नव्हता, आणि तपासणीत ते पकडलं जायला हवं होतं. हे वाचलं तेव्हा मला हॉलमधलं ते पातं आठवलं. ते बिचारं महिनोन्‌महिने झुलून पास झालं. पण परीक्षेला बसतं एक पातं, आणि पास धरली जातात त्याच्यानंतरची शेकडो. त्यातल्या प्रत्येकावर कोणीतरी रोलर फिरवलेला असतो, कोणीतरी गोंद लावलेला असतो, आणि त्यांचीही मेस दोनला बंद होत असेल. गास्पेमध्ये नक्की काय घडलं ते मी इथे बसून कशी सांगणार? पण मला तो कारखाना परका वाटला नाही, एवढं खरं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आजीला पट्टीचा तुकडा नेऊन दाखवला. तिने पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “किती वेळा वाकली म्हणालीस?” मी सांगितलं, आठ लाख दहा हजार पाचशे सत्त्याण्णव. सत्त्याण्णव मी बरोबर म्हटलं. आजी म्हणाली, “बरीच सोसली की गं.”

रिपोर्ट नवीन काढावा लागला. पंचवीसपैकी एकोणीस मिळाले. ज्या ग्रुपने गेल्या वर्षीचं प्रोजेक्ट झेरॉक्स केलं त्यांना बावीस, पण तो विषय वेगळा. आभाराच्या पानावर एच.ओ.डी., गाईड, वर्कशॉप सुपरिंटेंडंट, रेक्टर मॅडम, सगळे ओळीने आले, आणि प्रिंट निघाल्यावर लक्षात आलं की मामा राहिले. पुन्हा प्रिंट काढायला पैसे नव्हते. म्हणून सगळ्यात खाली मी निळ्या पेनने त्यांचं नाव लिहिलं, आणि पुढे, २.१० व ३.२५ साठी.